शेंदराखालचा हात

यंदा कारवी फुलली आहे. भाचीने फोनवर फोटो पाठवला, बारवी धरणाकडच्या कुठल्याशा डोंगराचा, आणि खाली विचारलं, "मावशी, हाच का गं तुमचा तो डोंगर?" फोटोत डोंगर असा दिसतच नव्हता. नुसता निळा-जांभळा रंग आणि त्याच्या मधोमध गॉगल लावलेली भाची. तोच असेल, नसेलही. ओळखता आलं नाही म्हणून मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी हायसंही वाटलं. "हो, बहुतेक" असं लिहून मी फोन पालथा ठेवला.

कारवी किती वर्षांनी फुलते यावर आमच्याकडे एकमत नाही. बाबा म्हणायचे आठ, डोंगराखालच्या गावातले लोक म्हणायचे सात, आणि दोघंही बोटांवर मोजून दाखवायचे. मी दोन्ही हिशेब ऐकले, दोन्ही पटले. माझ्या आयुष्यात हे असंच चालत आलं आहे. समोरचा जे सांगेल ते पटतं, मग दुसरा सांगतो, तेही पटतं, आणि शेवटी मी एकटी उरते तेव्हा हातात काहीच नसतं.

पण फुलांचा घोळ तसा किरकोळ. खरा घोळ वेगळा आहे. एका कारवीच्या वर्षी माझ्या बाबांनी एका देवाचा शेंदूर उतरवला. आणि पुढच्या कारवीच्या वर्षी, त्या शेंदराखाली काय होतं ते मी एका बाईला सांगितलं. सांगितलं ते चांगलं केलं की वाईट, हे मी तेव्हापासून ठरवते आहे.

बाबा अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होते. आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचो. ऐंशीच्या दशकातला हेंद्रेपाडा म्हणजे दोन बिल्डिंगांच्या मध्ये भाताचं खाचर, आणि पावसाळ्यात बेडूक थेट जिन्यापर्यंत. सहा दिवस बाबांच्या शर्टाला कारखान्याचा वास यायचा; आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. सातव्या दिवशी बाबा डोंगरात. पडकी तटबंदी, कातळात खोदलेलं टाकं, कुठे शेतात पालथा पडलेला कोरीव दगड, असं काही दिसलं की वही काढून चित्र काढायला बसायचे. आई म्हणायची, "घरातला नळ गळतो तो दिसत नाही यांना, हजार वर्षांपूर्वीचं टाकं बरोबर दिसतं." बाबा हसायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा निघायचे.

त्या वर्षी मी उल्हासनगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते आणि बाबांबरोबर जायचा हट्ट धरला होता. बुटांसाठी तिथल्याच कॅम्प चारच्या बाजारात गेलो. दुकानदार सिंधी, गोल, प्रसन्न माणूस. बूट हातात घेऊन उलटासुलटा वाकवून दाखवत म्हणाला, "देखो बेटी, पहाड़ फटेगा, ये जूता नहीं फटेगा." पहिल्याच चढणीला उजव्या बुटाचा तळ सुटला आणि जबड्यासारखा उघडझाप करायला लागला. बाबांनी कारवीची साल सोलून तो बांधून दिला. ती साल मात्र संध्याकाळपर्यंत टिकली. पुढे कितीतरी दिवस मी त्या दुकानदाराशी भांडायचं ठरवत होते, आणि गेले तेव्हा त्याने इतक्या मायेने "बाबा कैसे हैं?" विचारलं, की मी दोन रुमाल विकत घेऊन परत आले.

डोंगर नदीपलीकडे. उल्हास नदीचा पूल ओलांडायचा, बारवीच्या रस्त्याला लागायचं, जांभूळच्या पाणी केंद्राकडे जाणाऱ्या त्या अजस्र पाइपांच्या कडेकडेने चालत राहायचं. पाइप जिथे गळायचा तिथे बायका धुणं धूत बसलेल्या असायच्या. मग एक छोटं आगरी गाव, आणि गावामागे तो. नकाशात त्याला नाव नव्हतं. गावात म्हणायचे वीराचा डोंगर. सरकारदरबारी ते राखीव जंगल होतं, आणि पायथ्याशी तसा एक पत्राही लावलेला होता. गंजून त्यातलं 'राखीव' तेवढं उरलं होतं. काय राखून ठेवलंय आणि कुणासाठी, ते शब्द पावसाने खाल्ले होते. माणसं तिथे फारशी जातच नव्हती. ट्रेकवाल्यांना तो ठेंगणा वाटे आणि पिकनिकवाल्यांना दूर.

आत शिरलं की कारवी. डोक्याच्या वर दोन हात वाढलेली, सरळसोट काठ्यांची, मध्ये एक माणूस जाईल एवढीच वाट. फुलं अशी काही सुंदर वेचक नव्हेत, पण इतकी, इतकी, की बघायचं कुठे ते कळेना. त्यांच्या कळ्या चिकट; कपड्यांना, केसांना डकून बसायच्या. मधमाश्यांचा आवाज एका जागेहून यायचा नाही, तो सगळीकडेच असायचा. बाबा पुढून ओरडून सांगत होते, "ही फुलून झाली की मरते. पुढच्या उन्हाळ्यात बोंडं फुटतात, तडतड आवाज येतो, बी उडतं, मग पहिल्यापासून." मला ते ऐकून उगाच रडू आल्यासारखं झालं. अठराव्या वर्षी येतं तसं.

वर एक टाकं, आत हिरवं गार पाणी. कातळात खोदलेल्या पंधरा-वीस पायऱ्या, पडक्या तटाचे चार दगड. आणि पायऱ्यांच्या शेवटी, एका उंबराखाली, वीर. कमरेएवढा उभा दगड, शेंदराने इतका लिंपलेला की आकार म्हणून काही राहिलाच नव्हता. वर दोन चांदीचे डोळे.

हे सगळं मी त्या पहिल्या दिवशी जवळून पाहिलं नाही. पायऱ्या सुरू व्हायच्या आधीच मला अडवलं.

त्या दिवशी नेमकी गावातल्या पाटलांच्या घरची पूजा होती. नव्या भाताची पहिली लोंबी वीराला वाहायची असा त्यांचा रिवाज. पूजा करायचा मान गोमाबाबांचा, म्हणजे त्या घरातल्या कर्त्या म्हाताऱ्याचा. बारीक, काटक, डोक्याला लाल रुमाल. "साहेब, तुमी या वर. पोरीला हितंच बसूं द्या," ते बाबांना म्हणाले. "यो देव बायकांना चालत नाय."

बाबांच्या कपाळावर आठी आली, पण पाहुणे होतो. ते वर गेले. मी पहिल्या पायरीशी बसले. तिथे गोमाबाबांची बायको बसलेली होती, जनाबाय. नारळ, तांदूळ, तेल, शेंदराची पुडी, नैवेद्याचं गाठोडं, सगळं डोक्यावर घेऊन गावापासून इथवर ती चढली होती. इथून पुढे ते पुरुषांनी नेलं होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून दरवर्षी ती या पायरीपर्यंत येत होती, आणि इथेच बसत होती.

मी विचारलं, "तुम्ही कधीच वर गेला नाहीत?"

"गेलती ना. येकदा." तिने माझ्या केसांत अडकलेली कारवीची कळी काढली. "नवी नवरी होती. मना कुनी सांगलाच नाय. सासरा पुढं चालला, मी त्याच्या मागं गेली. चांगली देवासमोर जाऊन हुबी रायली." मग तिने सांगितलं की वर्षाने तिला मुलगा झाला, आणि आठ महिन्यांचा होऊन दोन दिवसांच्या तापात गेला. सासरा म्हणाला, वीराने नेला. घरातले सगळे तेच म्हणाले. पुढे तिला चार मुलं झाली, चारही जगली. "पन पयला तो पयलाच ना, बाय. माज्या पायानं गेला तो." हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, आणि लगेच मला खोबऱ्याचा तुकडा दिला.

परतताना मी बाबांना ते सांगितलं. बाबा संतापले. संपूर्ण पाइपलाइनभर ते बोलत होते. ताप, पाणी, त्या काळात डॉक्टर कुठे होता, आणि बिचाऱ्या बाईच्या डोक्यावर आयुष्यभराचं खापर. "आणि तो दगड बघ. तो वीरगळच, लढाईत पडलेल्या कुणा वीराचाच दगड आहे कशावरून? कुणी पाहिलंय आत काय आहे ते?"

तेवढं वाक्य त्यांच्या तोंडून गेलं आणि मला वाटतं तिथेच सगळं ठरलं.

दोन रविवारांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी पिशवीत तपकिरी बाटली होती. बाबांचं म्हणणं स्वच्छ होतं. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड आणि तेल, दगडाला त्याने इजा होते, खालचं कोरीवकाम गुदमरतंय. ते काढणं ही सेवाच. दुसऱ्या कुठल्या गावातल्या बापाने हे केलं नसतं. श्रद्धाळू असता तर हात लावला नसता, नास्तिक असता तर इतके कष्ट घेतले नसते. अंबरनाथच्या केमिस्टलाच सुचावं असं ते होतं, देवाला थिनर लावायचं. "चल वर," ते मला म्हणाले. मी पायरीशी थांबले होते. पाय उचलेना. मग उचलला. काही झालं नाही, आणि काही झालं नाही याची मला थोडी निराशाही वाटली.

चार तास लागले. कारवीचा वास, थिनरचा वास, माझं दुखणारं डोकं. बाबा लाकडी पट्टीने हळूहळू सोडवत होते, मी फडक्याने पुसत होते. शेंदराचे जाड पोपडे निघत होते, एकाखाली एक थर, लाल, मग काळपट, मग केशरी. कुणाकुणाच्या आजोबा-पणजोबांचे नवस त्या थरांत होते कोण जाणे. बाबा प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रावर नीट मांडून ठेवत होते. त्यांना काही फेकवत नाही.

आधी वर चंद्र-सूर्य निघाले. मग एक खांब. मग खांबातून बाहेर आलेला एक हात, कोपरात दुमडलेला, पंजा वर उघडा. आणि मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या.

"सतीशिळा!" बाबा जवळजवळ ओरडले. नवऱ्यामागे सती गेलेल्या बाईच्या नावाने उभारतात तो दगड. त्यांनी वही काढली, पेन्सिल काढली, आणि चार रेघा मारून थांबले. आम्ही एकमेकांकडे बघितलं. जिच्यापाशी बायकांनी जायचं नाही, ती बाई होती. आणि ती स्वतः जळालेली बाई होती. मला हसू आलं, मग भीती वाटली, मग त्या हाताला आपला हात लावावा असं वाटलं. लावला. दगड थिनरने ओला आणि गार होता.

"आपण चूक केली का गं?" बाबांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला काही विचारलं होतं. पोपडे त्यांनी दगडाच्या पायाशी रचून ठेवले, चांदीचे डोळे वर. आम्ही गुपचूप उतरलो.

तो आठवडा बाबा जेवले नाहीत धड. रविवारी म्हणाले, "जाऊन कबूल करतो. मारतील तर मारतील." आई म्हणाली, "मुलीला तरी नेऊ नका." मी गेलेच.

गावात शिरताना ढोल वाजत होता. दारापुढे रांगोळ्या होत्या. गोमाबाबा धावत आले आणि बाबांना त्यांनी कडकडून मिठी मारली. "साहेब! देवानं खोळ टाकली!"

शेंदराची खोळ. थरावर थर चढून जाड झालेलं ते कवच कधी पिढ्यांमधून एकदा आपोआप गळून पडतं, आणि ज्याच्या हयातीत गळतं तो भाग्यवान. गोमाबाबांच्या आजोबांनी म्हणे तिची वाट पाहिली होती. गोमाबाबा दोन दिवसांपूर्वी लोंबी बदलायला वर गेले, तो देव उघडा, आणि खोळ पायाशी नीट ठेवलेली. आता ती वाजतगाजत नदीत सोडायची होती आणि पहिला नारळ साहेबांनी फोडायचा होता, कारण साहेब आले आणि वीर प्रसन्न झाला.

बाबांनी तोंड उघडलं. मी शेजारीच उभी होते; ते नक्की सांगणार होते. पण कुणीतरी त्यांच्या कपाळावर गुलाल लावला, कुणीतरी हातात नारळ दिला. त्यांनी एवढंच विचारलं, "गोमाबाबा, आत तुम्ही बघितलंत ना? हात आहे. बांगड्या आहेत."

"हात हाय ना," गोमाबाबा आनंदाने म्हणाले. "वीराचा हात. करी घातलीत मोप. लराईला जाताना घालतात." लढाईची कडी. त्यांनी त्याच सकाळी नवा शेंदूर लावूनही टाकला होता.

वर देवापुढे बाबांनी नारळ फोडला. एका फटक्यात फुटला. वहीतलं ते चित्र त्यांनी कधी पुरं केलं नाही आणि कुठे छापायलाही पाठवलं नाही.

त्या दिवशी जनाबाय पायरीशी बसली होती, नव्या लुगड्यात. मला ओढून तिने शेजारी बसवलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "राग गेला त्याचा, बाय. खोळ टाकली म्हंजे राग गेला. माजा दोष फिटला." तिने माझे दोन्ही हात धरले होते. त्याच हातांनी मी आठ दिवसांपूर्वी तो शेंदूर पुसला होता. काय सांगायचं होतं मी तिला? की देवाने काही टाकलं नाही, माझ्या बापाने कारखान्यातल्या बाटलीने ते काढलं? की दोष नव्हताच मुळी? दुसरं सांगायचं तर पहिलं सांगणं भाग होतं. मी म्हणाले, लुगडं छान आहे. वरून ढोल ऐकू येत होता. बायका खालीच होत्या.

मधली वर्षं मी सांगत नाही. लग्न, ठाण्याला बिऱ्हाड, मुलगी. नव्वदच्या दशकात कारवी पुन्हा फुलली तेव्हा मी माहेरी आले होते. हेंद्रेपाड्यातली खाचरं भरली गेली होती, बेडूक नव्हते. बाबांचे गुडघे गेले होते. "जाऊन ये," म्हणाले, "मला येऊन सांग." मी एकटी गेले. पायथ्याचा पत्रा पडला होता, फुलं तशीच होती.

गोमाबाबा वारले होते. पूजेला मुलगा वर गेला होता. जनाबाय पायरीशी बसली होती, वाकलेली, आणि बरोबर तिची नात, नऊ-दहा वर्षांची. आमचं बोलणं चाललं असताना ती पोरगी उड्या मारत चार पायऱ्या चढून गेली. पुढे काय झालं ते इतक्या वेगात झालं की मला कळलंच नाही. ती वाकलेली म्हातारी उठली, नातीचा दंड धरून तिला खाली ओढलं आणि खाडकन तिच्या मुस्काटात मारली. "तुना पन तसाच करायचा हाय? तुजी पोरा मरायला पायजेत?"

पोरगी रडली नाही. गालावर हात ठेवून वर बघत राहिली, त्या उंबराकडे. मला वाटतं तिचा तो चेहरा बघितला म्हणून मी बोलले. माझीही मुलगी होती घरी. त्या क्षणी मला इतकं स्वच्छ दिसत होतं सगळं. आयुष्यात कधी नव्हे तो माझा गोंधळ गेला होता.

मी जनाबायला सगळं सांगितलं. बाटली, पट्टी, पोपडे. बाबा कबूल करायला आले होते तेही. आणि मी वर गेले होते, त्या दगडाला हात लावला होता, माझी मुलगी सुखरूप आहे, हेही. "आजी, तो वीर नाही. ती बाई आहे. बांगड्या आहेत तिच्या हातात, मी मोजल्यात. तुम्ही गेलात म्हणून काहीच झालं नव्हतं. तिला कशाला राग येईल?"

ती ऐकत होती. मध्ये एकदाही तिने मला अडवलं नाही. नात जवळ सरकली होती, तीही ऐकत होती. खालच्या कारवीत माश्यांचा तो सगळीकडून येणारा आवाज चालू होता. मला वाटलं ती चिडेल. मला वाटलं ती रडेल, मला जवळ घेईल. दोन्हीची मी तयारी केली होती.

तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मंग माजा पोऱ्या कशानं गेला, बाय?"

रागाने विचारलं असतं तर मला सोसलं असतं. शिकल्यासवरल्या माणसाला विचारावं तसं तिने ते विचारलं, आणि मी सांगेन म्हणून ती थांबून राहिली.